पाण्यात काय विरघळते

तंत्रनिकेतनात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेले पुंडलिकराव पुलगावच्या बसस्थानकावर देवळीच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर एक बापलेक बसले होते. बापाचे नुकतेच मुंडण झालेले होते आणि लेकीच्या मांडीवर पाठ्यपुस्तक उघडे होते.

"वाच नं, आचल. उद्या पेपर हाय तुहा."

"डोक्यात नाई घुसून राह्यलं, बाबा."

"मग मले शिकव. मीठ पाण्यात काऊन विरघळते?"

"ते आयनिक असते. पाणी त्याचे आयन वेगळे करते."

"अन् तेल?"

"ते सहसंयुज. पाण्याशी नाई जमत त्याचं."

"साखर?"

"तेबी सहसंयुजच. पण तिचं जमते."

"तुह्या आईसारखी. तिचंबी सगळ्यायशी जमे."

"हो."

"अन् अस्थी, बाई? सकाळी नदीत सोडल्या त्या?"

पुंडलिकरावांच्या ओठांवर उत्तर आले होते, पण ते मुलीनेच दिले.

"त्यात कॅल्शियम फॉस्फेट असते. आयनिकच हाय, बाबा, पण नाई विरघळत."

"म्हंजे अजून तिथंच हाय ते?"

"हो. तळाशी."

"मग तू जाय गाडीनं. मी बसतो जरासा घाटावर."

देवळीची गाडी लागली. पुंडलिकरावांनी सरकून मुलीला आधी चढू दिले. पायरीवरून ती मागे वळली.

"बाबा, आईले सांगजा, आचल पेपर देऊन राह्यली म्हणून."