शुक्रीचं शेत

काय गं प्राजक्ता, तुला खरंच आमच्या गटात यायचंय? — बस ना, त्या स्टुलावर बस, फॉल लावून होईस्तोवर सांगते. गेम सोपा आहे. प्रत्येकीला फोनमध्ये एक शेत. पेरायचं, कापायचं, आणि रविवारी आपल्या वीस जणींचं पीक दुसऱ्या गटांच्या पिकाशी मोजतात. प्रमुख मी. हसू नकोस — दहावी झालेल्या बाईला एरवी कोण प्रमुख करतंय? म्हणून तर नियमाला मी फार जपते. जपायचे. जपतेच गं.

नियम एकच. गेममध्ये एक चूक राहिलीय — कापणी करताना रेंज गेली, की परत आल्यावर तेच पीक पुन्हा उभं दिसतं, कापलं की दोनदा मोजलं जातं. कंपनीनं कळवलं, याचा फायदा घेणारीला प्रमुखानं काढायचं, नाहीतर अख्खा गट बाद. मग काढलं मी. शुक्रीला. ओवे गावाच्या पलीकडे डोंगराखाली वाडी आहे ना, तिथली — बिल्डिंगच्या कामावर जाते, ब्लाउज माझ्याकडेच शिवून घेते. सहा वेळा डबल. डबल कापणीची यादी येते, तीत चक्क दिसत होतं. सगळ्यांनी मला गटावर फुलं पाठवली, वेणूताई, तुमच्यामुळे गट वाचला म्हणून.

मुद्दाम? — छे, मुद्दाम कसलं, तिच्या वाडीत रेंज टिकतच नाही. पण यादीत कारण येत नाही ना, आकडाच येतो. आणि नियम सगळ्यांना सारखा. — दुसरं कोणी? दुसरं कोणी म्हणजे... तू फार विचारतेस बाई. बघ, टाका वाकडा गेला.

आपल्या बिल्डिंगची लिफ्ट माहितीये ना? दार लागलं की रेंज जाते. मी कापणी लिफ्टमध्ये करायचे. तळमजल्यावरून सातव्यावर, सातव्यावरून खाली. वॉचमन विचारायचा, "काय वैनी, काय विसरलात?" मी म्हणायचे, किल्ली. आठवडाभर किल्ली विसरत होते मी. माझी नणंद स्नेहल, तीसुद्धा यायची बरोबर, दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. यादीत आमची नावं शुक्रीच्या वर होती. पण यादी प्रमुखालाच दिसते.

नाही, मला कुठलं सुचायला. शुक्रीनंच सांगितलं. फसवायला नव्हे गं — कामावरून दमून आलेली, अंगभर सिमेंट, चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभी राहिली. "ताय, माजा भात दोनदा मोजलाय. एक काडून टाक, दुसऱ्या बायांना वाईट वाटंल." मी म्हटलं, राहू दे गं, गटाचंच भलं होतंय. अस्संच म्हटलं. आणि ती वळली तशी मी दुकानाला कडी घातली आणि लिफ्टमध्ये शिरले.

तिला एकदा तरी विचारायचं होतं, म्हणतेस? विचारलं असतं तर ती म्हणाली असती ना, ताय, मी तुला सांगितलं होतं की. म्हणून नाही विचारलं. नुसतं बटण दाबलं. तिला दोन ओळींचा निरोप गेला, नियम मोडला म्हणून काढण्यात येत आहे, असा. तिला वाचता येत नाही. मला माहीत होतं. चित्रं बघून खेळायची ती.

हे घे, झाला तुझा फॉल. गटाचं नंतर बघू — नाहीतर नकोच येऊस. जा आता, मला दुकान बंद करायचंय. — शुक्री? भांडायला? नाही गं, भांडायला नाही आली.

काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शुक्री कामावर जाताना दुकानात आली, फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "ताय, माजं शेत दिसत नाय, रेंज गेली का बघ," — आणि मी फोन हातात घेतला, बघितल्यासारखं केलं, आणि म्हटलं, हो, रेंजच गेलीय.