गजऱ्यापुरते केस

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या इंडियन ग्रोसरीत बिलाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी मराठीत बोलत होत्या.

“नेत्रा, तुझ्या केयाच्या डोक्यावर हे काळे दोरे कसले गं?”

“नायजेरियाहून सासूबाई आल्यात ना, काकू. त्यांनी काल एकेका बटेला दोरा गुंडाळला. कुरळे केस ताणून लांब होतात, स्ट्रेटनर लागतच नाही.”

“मागच्या पाडव्याला स्ट्रेटनर बघून केवढी रडली होती.”

“मग कार्यक्रमात नाचलीपण नाही. काल मात्र आजीच्या मांडीवर चक्क झोपली. आज कार्यक्रमाआधी दोरे सोडले की वेणी घालता येईल. सुटले बाई मी.”

“आणि गजरे दोन कशाला?”

“दुसरा सासूबाईंचा. माझ्या लग्नाच्या फोटोतला गजरा त्यांच्या लक्षात होता. सकाळपासून स्वतःच्याही केसांना दोरा गुंडाळून बसल्यात.”