एक्सचं कोरं पान

बाबा : या वहीत लाल पेन कुणी चालवलं?

मी : मी! सरप्राइज होतं, पण तुम्ही आधीच उघडलीत. अख्खी तपासली हं, पहिल्या पानापासून. अठ्ठावीस चुका निघाल्या, बाबा. अठ्ठावीस!

बाबा : ताईच्या वहीत.

मी : हो. तिचा काय दोष म्हणा, बारा वर्षांची तर होती. पण तुम्ही टाइपरायटर दुरुस्त केला की यातला शब्द मारून बघता, आणि ती चिठ्ठी अर्थासकट मशीनला बांधून देता. लोक हसत असतील हो! हे बघा, क्यू आणि झेड दोन्ही असलेले शब्द. क्विझ ठीक आहे. पण क्वार्ट्झ? 'किल्ली न देता चालणारा दगड.' असं कुठं असतं का? मी खोडून 'गारगोटी' लिहिलं.

बाबा : घड्याळावर लिहिलेलं असतं ते. तिनं विचारलं होतं, बाबा, या घड्याळाला किल्ली का देत नाहीत? मी म्हटलं, आत दगड असतो म्हणे.

मी : म्हणजे मूळ चूक तुमची!

बाबा : माझीच. क्यू नि झेड फारसे वापरात नसतात, धूळ खातात, अडकून बसतात. दुरुस्त झाले की मी ते नुसतेच बडवायचो. ती म्हणाली, बाबा, दोन्ही अक्षरं असलेला एखादा शब्द मारा, म्हणजे मशीनला वाटेल आपल्याला बोलता येतंय. मला इंग्रजी अक्षरं कळतात, शब्द कुठे कळतात? मग तिनं ही वही केली. एका पानाला दोन अक्षरं.

मी : कल्पना भारीच आहे. मी कुठे नाही म्हणतेय? पण चूक ती चूक. आमच्या बाईंनी माझी वही वर्गात फिरवली, माहितीये? इंग्रजीत सगळ्यांच्या पुढे. तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही रिबीन गुंडाळत होतात. 'छान' म्हणालात, मान वर न करता.

बाबा : तेव्हा हाताला शाई होती, बाळा.

मी : तुमच्या हाताला कायमच शाई असते! आणि हे पुढचं बघा, ए आणि झेडचं पान. गेझ, 'तो बघत नसताना त्याच्याकडे बघणं.' अहो, नुसतं टक लावून बघणं! हेझ, 'चष्मा पुसायच्या आधीचं जग.' धूसरपणा लिहायचं ना सरळ. डेझ, 'इंजेक्शन दिल्यावर आईचा आवाज...

बाबा : वाच ना. थांबलीस का?

मी : ...'आईचा आवाज लांबून येतो ते.'

(मी लाल काट बोटानं झाकते.)

मी : इथे मी 'गुंगी' लिहिलंय. वर काट मारून.

बाबा : बरोबर असेल. तू हुशार आहेस.

मी : बाबा, मी हे वाचलंच नव्हतं. नुसती चूक दिसली, झाली काट मारून. पांढरी शाई आहे का तुमच्याकडे? मी आत्ता लावते.

बाबा : खाली तिचं अक्षरही जाईल मग. राहू दे.

मी : रागवा ना. तुम्ही रागवत नाही त्याचाच राग येतो मला.

बाबा : आपल्याकडे मशीन घेऊन येणाऱ्या नोटरीकाकांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, अर्थ चुकीचे आहेत म्हणून. मी म्हटलं, असू देत. कोशातले अर्थ कुणीही सांगेल. हे वाचले की ती इथे स्टुलावर पाय हलवत बसलीय असं वाटतं. नोटरीकाका चिठ्ठ्या टाकत नाहीत. खणात ठेवतात.

मी : तिचे फ्रॉक मी घातले. तिचं दप्तर, तिची छत्री, सगळं माझ्याकडे आलं. चुकायची मुभा तेवढी नाही आली. तिच्या चुका खणात, आणि माझी पहिल्या नंबरची वही कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का?

बाबा : त्या डब्यात. सुट्या स्प्रिंगांच्या.

मी : काय?

बाबा : तू झोपल्यावर आणली. दिवसभरात दोनदा तरी उघडतो. वाचता येत नाही, पण बाईंच्या बरोबरच्या खुणा मोजता येतात.

मी : मग सांगायचं ना तोंडानं! मी आईच्या डोक्याशी तीन दिवस भुणभुण करतेय, वही हरवली म्हणून.

बाबा : चुकलं माझं. लिही लाल पेननं. एकोणतिसावी.

मी : हसवू नका हो. मला रडायचंय.

बाबा : मग रडताना एक काम कर. नोटरीकाका पाचला येतील. त्यांच्या मशीनचे एक्स आणि टी लावलेत. एक्सचं पान काढ.

मी : ते कोरं आहे. वर नुसतं 'एक्स'.

बाबा : म्हणाली होती, ते अवघड आहेत, दवाखान्यातून आल्यावर लिहीन. तेव्हापासून एक्स दुरुस्त केला की मी ओळभर एक्सच मारतो. खोडल्यासारखं दिसतं. तू सांग एखादा. एक्स आणि टी.

मी : एक्झिट. बाहेर... नको, हा नको. एक्स्ट्रा? तोही नको. नेक्स्ट चालेल? एन, ई, एक्स, टी.

बाबा : एन... ई... एक्स... टी. उमटला बघ, कसा ठसठशीत. आता अर्थ.

मी : पुढचा. क्रमानं नंतर येणारा.

बाबा : हा कोशातला झाला. तुझा सांग.

मी : माझा चुकीचा असेल.

बाबा : असू दे.

मी : नेक्स्ट म्हणजे... जिला ताईचे फ्रॉक आता होत नाहीत, ती.

बाबा : जरा हळू सांग. चिठ्ठीवर लिहितोय.