आपलंच पाणी

इनासची बोट आठवतेय ना, माझ्या आतेभावाची? खाडीत गळ टाकायला घेतलेली, छोटी फायबरची. एकदा त्याला ती धरणाच्या तलावावर न्यायची होती. मी पाहिलं तर बुडाला ते काळे शिंपले चिकटलेले, जहाजांबरोबर परदेशातून आलेले.

मी बजावलं, "बाबा रे, हे नव्या पाण्यात गेले की वाढत सुटतात, पंपाचे पाइप तुंबवतात. दुसऱ्या पाण्यात घालायच्या आधी बोट खरवडून धुवायची आणि उन्हात खडखडीत वाळवायची."

"एवढंच ना? आजच करतो."

संध्याकाळी त्याच्या वाडीत जातो तर काय, हा पठ्ठ्या धुवायला म्हणून बोट बावखलात ढकलतोय! आत्याची अख्खी केळीची बाग त्या तळ्याच्या पाण्यावर जगते.

मी ओरडलो, "अरे, दुसऱ्या पाण्यात घालू नको म्हटलं होतं ना!"

"दुसरं कुठलं? आपलंच पाणी आहे."

आत्या धावत आली. पाइप तुंबतात हे ऐकल्यावर तिने बोट ओढून अंगणात आणायला लावली, आमच्याकडून खरवडून घेतली, पालथी घातली आणि वाळेपर्यंत जागा फुकट कशाला, म्हणून तिच्यावर बोंबील पसरले.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही तलावावर. मी ऐटीत रखवालदाराला म्हणालो, "बघा दादा, बुडाला एक तरी शिंपला दिसतोय का?"

तो वाकला, नाक मुरडत उठला. "शिंपला नाही. पण तुम्ही मासे पकडायला चाललाय की पकडून आलाय?"