दिवा लागायच्या आत

आई : तसं नव्हे गं शूछिन. लिआंगने चांगली खोली बघितलीय. शहरात, स्टँडसमोरच. गरम पाणी पण आहे म्हणे.

शूछिन : वर्षाच्या शेवटच्या दिवशी भावाने बहिणीला लॉज बघून दिली. चांगलंय.

आई : टोमणे मारू नकोस. नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी येतातच. तो स्वतः घ्यायला येईल तुला. मग राहा हवं तेवढं.

शूछिन : आणि आज?

आई : आज कसं... लग्न झालेल्या मुलीने आजच्या रात्री माहेरचा दिवा पाहिला, की भावाच्या घराला उतरती कळा लागते. माझ्या आईने मला या दिवशी कधी उंबरा ओलांडू दिला नाही.

शूछिन : तुला परत जायला सासर होतं, आई. माझं सप्टेंबरात सही करून संपलं. तिकडचा दिवा माझा नाही, इकडचा बघायचा नाही. या एवढ्याशा दौदौला घेऊन रस्त्यावरच्या खांबाखाली बसू?

आई : मी एकटी असते तर काही बोलले नसते. लिआंगच्या यानलीला सातवा महिना लागलाय.

शूछिन : ती काही म्हणाली?

आई : म्हणत नाही, तेच तर. मागचं बाळ पोटातच गेलं तिचं. आता घरातली कात्रीसुद्धा उचलत नाही ती.

शूछिन : ...जाते मग. माझ्यामुळे तिच्या जिवाला घोर नको. फक्त तासभर पाठ टेकू दे. गाडीत बसायला जागा नव्हती, रात्रभर उभी होते. हा कडेवर.

आई : टेक की. कांगच्या ओट्यावर पड, खालच्या विटा चांगल्या तापल्यात. दिवा लागायच्या आत उठवते.

शूछिन : आठवणीने उठव. हल्ली मेल्यासारखी झोपते मी.

आई : आज तो शब्द काढू नये, बाई.

(शूछिन पोराला कुशीत घेऊन झोपते. बऱ्याच वेळाने सून यानली डंपलिंगच्या सारणाचं पातेलं घेऊन आत येते.)

यानली : आई, कोबीला पाणी सुटायला लागलंय. भरायला घेऊ या. ताई गेल्या?

आई : हळू. झोपलीय. बुटांसकट.

यानली : काढायचे ना बूट.

आई : जागी झाली असती.

यानली : किती वाळल्यात. आमच्या लग्नाच्या फोटोत गाल होते त्यांना.

आई : तू लाट. मी भरते.

यानली : त्यांना जायला कोणी सांगितलं?

आई : मी.

यानली : आणि नाव माझं घेतलंत?

आई : घेतलं. माझ्या भीतीला तिने जुमानलं नसतं. तुझ्या पोटातल्या जिवासाठी लगेच हो म्हणाली.

यानली : भीती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू. रात्री बाळ हललं नाही की उठून बसते मी. पण मागच्या वेळी सगळं पाळलं होतं, आई. कात्री नाही, सुई नाही, भिंतीत साधा खिळा ठोकू दिला नाही लिआंगला. तरी गेलं.

आई : असं बोलू नये गं.

यानली : नाही बोलत. ही पारी घ्या, कडेला जाड राहिलीय.

आई : अंधारून आलं. उठवू का तिला? शेवटची बस चुकेल.

यानली : दौदौने मुठीत कॉलर धरलीय बघा त्यांची.

आई : उठवू ना?

यानली : एवढं ताट होऊ दे.

आई : मला मुरड दिसेना आता.

यानली : बोटांनी घाला. डोळे लागतात होय तुम्हाला, इतक्या वर्षांनी?

लिआंग : (फटाके घेऊन बाहेरून येत) अरे, हे काय? अख्ख्या गावात दिवे लागलेत, आणि आपल्याकडे अंधार? दारातले कंदीलसुद्धा नाही लावलेत?

यानली : बटणाला हात लावू नकोस. आणि हळू बोल.

लिआंग : वीज गेली?

यानली : ताई झोपल्यात.

लिआंग : अजून गेली नाही? अगं, पण मग दिवा—

यानली : कुठे लागलाय दिवा?

लिआंग : आजच्या रात्री अंधारात बसायचं? शेजारचे काय म्हणतील?

यानली : म्हणतील यांच्याकडचा बल्ब गेला. चुलीत जाळ आहे ना, तेवढ्यात उकडतील सगळे. चुलीला कोणी दिवा म्हणत नाही.

आई : यानली, नीट विचार कर, बाळा. उद्या काही झालं तर...

यानली : विचार करूनच दमलेय, आई. त्याही दमल्यात. तुम्हीसुद्धा. लिआंग, ते फटाके घरामागे नेऊन लाव जा, लांब.

शूछिन : आई? ...उशीर झाला का गं? दिवा लागला?

यानली : नाही, ताई. अजून दिवसच आहे. झोपा तुम्ही.