झोपेवरचा कर

बाबा: नाय, नाय. राजा असो टेकान बसता? ताठ बस. आणि पेज ऱ्हवांदे बाजूक. आधी सांग, लढायेक पैसो खंयसून हाडतलस?

मी: बाबा, मी राजा नाही, किशोरी आहे. गरम आहे तोवर घ्या.

बाबा: ह्या बाकड्यार जो बसलो तो राजा. आमच्या दशावतारात येगळा सिंहासन खंय आसा? शत्रू वेशीर इलो, खजिनो रिकामो. मी प्रधान. बोल.

मी: उद्या जत्रा, आणि तुमच्या नाटकात कागदावर एक ओळ नसते. मी काय बोलू?

बाबा: म्हणानच तुका बसवलंय. फाल्या जत्रेत मंगेश राजा होवन काय बोलतलो ता माका म्हायत नाय. मी काय बोलतलंय ता तेका म्हायत नाय. सगळ्या बाजून इचारून घी माका.

मी: बरं. मिठावर कर लावा.

बाबा: "महाराज! मीठ आपल्या ताटात चिमूटभर आणि मासे मारणाऱ्याच्या ताटातही चिमूटभर. चिमूट सारखी असली तरी ताट सारखं नाही. त्याच्या ताटात तेवढी एकच चव असते, आणि नेमका तिच्यावरच आपण हात टाकायचा?"

मी: भाषा बघा तुमची. मुकुट हातात आला की माका-तुका पळालं.

बाबा: आणि तुझा? तू पुण्यात ऱ्हवान इलंस, माका-तुका थंयच ठेवन इलंस. मी निदान नाटकापुरता सोडतंय. ती डिंकाची बाटली दी. हो बेगड सुटलो बघ कडेन.

मी: घ्या. मग जाळ्यांवर लावा. जाळ्यामागे अमुक इतके.

बाबा: "जाळ्यात मासळी येते कधी कधी, महाराज. कर मात्र रोज येणार."

मी: एका देशात म्हणे खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या, तितका कर.

बाबा: खराच? मगे लोकांनी खिडक्यो बंद केल्यो असतल्यो.

मी: हो. विटा रचून.

बाबा: वा! "उजेडावर कर लावलात महाराज, वसूल झाला अंधार." ह्या मी घेतलंय हां. फाल्या बोलतलंय.

मी: घ्या. माझ्यावर कर बसवू नका म्हणजे झालं.

मंगेश: काकानू, आसात काय घरात?

बाबा: ये रे, ये. ऊठ गो किशोरी, खरो राजा इलो.

मंगेश: कसलो राजा, काकानू! सकाळी ग्रामसभेत घरपट्टीचो विषय काढलंय, तर मेल्यांनी माका धुवन काढल्यानी. एक म्हणता, "सरपंचानू, मुकुटाक बेगड कमी पडलो काय?"

मी: बस मंगेश. पाणी देऊ?

मंगेश: पाण्याचाच रडगाणा आसा, ताय. नळाची लाईन फुटली आसा. सगळ्यांका पाणी होया. पट्टी म्हटली की सगळे पायातल्या वहाणांकडे बघतत.

बाबा: मगे वाढवलंस?

मंगेश: फुडच्या सभेक ढकललंय.

बाबा: बघ, म्हणजे तुझी तालीम झाली. तुझो दरबार तो, माझो दरबार हो. होया सगळ्यांका, पट्टी शेजाऱ्यान भरूची.

मंगेश: त्येच सांगूक इलंय. औंदा दरबार पुरो करूया. कापूक नको.

बाबा: अरे, लोकांका ट्रिकसीन होये. राक्षसाच्या तोंडातसून जाळ भायर पडलो की टाळये. दरबार सुरू झालो की उठान खाज्याच्या दुकानार.

मंगेश: औंदा नाय जावचे. रोज टीव्हीर लढाई बघतत. विमाना दाखयतत, नकाशे दाखयतत. पैसो कोण भरता, ता कोण दाखवनत नाय. तुमी दाखवा.

बाबा: तू बोलतस बरो. म्हणानच तुका राजा केलंय. बस थंय. इचार.

मंगेश: "प्रधानजी! कर नको म्हणता, तर आम्ही सावकाराकडून कर्ज उचलू. प्रजेच्या माथी आज एक पैसाही नको."

बाबा: "कर्ज म्हणजे उद्याचा कर, महाराज. जी पोरं अजून जन्मली नाहीत, त्यांच्या नावावर आपण लढाई लिहून ठेवतो आहोत. त्यांची हरकत नाही, हे मला मान्य आहे. ती या दरबारात आलेलीच नाहीत."

मंगेश: काय बोललास ओ! बरा, ह्या... "मग लग्नावर कर लावू! मांडव घातला की शंभर मोहरा!"

बाबा: "जरूर लावा. लग्नं थांबतील. लढाईत माणसं पडली की त्यांच्या जागी आपण माड उभे करू."

मी: हे आत्ता सुचलं?

बाबा: आत्ताच. जुना वेगळा होता. जुना मी इसारलंय.

मंगेश: काकानू, आणि शेवट? शेवटाक राजा म्हणता, "मग तुम्हीच सांगा, प्रधानजी." तेच्यार तुमी काय बोलायचास? मी तुमच्या नाटक कंपनीत इलंय तेव्हा दरबार आखडलेलो. माका तो शेवट आयकूक गावाक नाय.

बाबा: तो आता नाय. तो जत्रेत, बाकड्यासमोर. आता सांगलंय तर फाल्या तू म्हायत असल्यासारख्या तोंड करून बसतलस. राजाचा तोंड खराखुरा उतरूक होया.

मंगेश: ताय, तुका म्हायत असतलो. सांग हळूच.

बाबा: तिका? हां! अरे, ह्या चेडू माझो दरबार सुरू झालो की चटयेर आडवा. आवशीच्या मांडयेर डोक्या. पखवाज वाजो, राक्षस बोंबलो, ह्या गाढ. नाटक सरला की मी तसोच, तोंडाचो रंग पुसूचो सोडून, ह्येका खांद्यार टाकायचंय आणि घराकडे.

मी: झालं. आता हे गावभर सांगा.

बाबा: गावाक म्हायतच आसा. वयाची दहा वर्षां होईसर हाडलंय खांद्यार. पण खरा सांगू? कधी जड लागला नाय.

मी: बारीक होते मी.

मंगेश: बरा, येतंय मी काकानू. फाल्या सांजेक गाडी पाठयतंय तुमका.

बाबा: गाडी कित्याक? देवळापर्यंत चलत येतंय. जत्रेक गाडीन गेलंय तर देव ओळखूचो नाय.

मंगेश: बरा तर. ताय, येतंय गो.

मी: ये. बाबा, पेज निवली.

बाबा: निवलेलीच बरी. फाल्या जागी ऱ्हवशील मा दरबाराक?

मी: बघू.

बाबा: झोपलंस तर आता खांद्यार घेवक जमाचा नाय हां.

मी: मग चालत येईन.

बाबा: ये चलत. मीठ दी गो पेजेक. राजान कर लावच्या आधी.

(पुढच्या वर्षीची जत्रा. आदला दिवस. तीच पडवी, तेच बाकडं. बाबा नाहीत.)

मंगेश: नको ताय, बाकड्यार नको. मी हय पायरीर बरो आसंय.

मी: बस रे. बसायलाच आहे ते.

मंगेश: तुका सांगलंय की नाय म्हायत नाय. गेल्या वर्षी जत्रेच्या सकाळी काका गेले, आणि सांजेक आमी तोंडा रंगवली. देवाचा नाटक चुकवक येना नाय. पण दरबार भरवलो नाय. राजा इलो, तो थेट लढायेक.

मी: कळलं मला. त्यांना आवडलं असतं. नाटक थांबवलं असतंत तर रागावले असते.

मंगेश: औंदा लोक इचारतत, दरबार करतलास मा? ग्रामसभेत इचारल्यानी! घरपट्टी मंजूर झाली आणि लगेच एक उठान म्हणता, आता त्या लढायेच्या पट्टीचा काय ता एकदा सांगा.

मी: मंजूर झाली शेवटी?

मंगेश: झाली. पयली पट्टी माझ्या घराची भरलंय, सगळ्यांसमोर. काकांची शिकवण. नळाक पाणी इला.

मी: मग करा दरबार.

मंगेश: कसो करू? प्रधान आता मी. राजा तो ओमकार, आवाज चांगलो आसा तेचो. मीठ येता माका, जाळ्यांचा येता, खिडक्यांचा तूच माका मागसून सांगलेलंस, कर्जाचा येता. मगे तो म्हणतलो, "तुम्हीच सांगा, प्रधानजी," आणि थंयसून फुडे काळोख.

मी: जुन्या कुणाला विचारलंस?

मंगेश: सगळ्यांका. राधाबायेक इचारलंय, ती म्हणता, मी तेव्हा खाजा घेवक उठायचंय. पखवाजवाल्या दाजीक इचारलंय, तो म्हणता, भिकाजी प्रधान होवन बोलूक लागलो की माझी मान पडायची. त्या काळात मोबाईल खंय होते? तो शेवट काकांबरोबर गेलो, ताय. मी आपलो काय तरी जुळवन बोलान. पण खोटा वाटतला माका.

मी: ऊठ. बाकड्यावर बस.

मंगेश: अगो, मी प्रधान मा?

मी: आत्ता राजा हो. ताठ बस. आणि विचार.

मंगेश: काय इचारू?

मी: शेवटचं.

मंगेश: ...बरा. "प्रधानजी! मीठ नको, जाळं नको, लग्न नको, कर्ज नको. मग ही लढाई आम्ही कशाच्या जोरावर लढायची? तुम्हीच सांगा!"

मी: "महाराज, मघाशी आपण विचारलंत, लढाई हवी कुणाला? तेव्हा या दरबारात हात वर झाले. मी पाहिले ते हात. एकही मोकळा नव्हता. कुणाच्या मनगटात कडं, कुणाच्या बोटात अंगठी. कर तिथून सुरू करा. ज्या हातानं लढाई मागितली, त्या हातातलं आधी उतरू द्या. मग पुन्हा विचारा. बघू या, किती हात वर राहतात."

मंगेश: ताय...

मी: थांबू नकोस. पुढचं विचार. जुना राजा विचारायचा, "आणि तुमचा हात, प्रधानजी?"

मंगेश: "आणि... तुमचा हात, प्रधानजी?"

मी: "माझा हात खाली होता, महाराज. तरी हे माझं कडं. राज्य माझंही आहे. माझे माड घ्या, गोठ्यातली गाय सोडून न्या, राहतं घर घ्या. एकच मागणं आहे. समोर त्या चटईवर माझी लेक झोपली आहे. या राज्यातली सगळी पोरं आत्ता अशीच कुणाच्या तरी मांडीवर झोपली आहेत. आपली तुतारी वाजेल तेव्हा ती दचकून उठतील, आणि पुन्हा कधी तशी झोपतील, ते मला सांगता येत नाही, आपल्यालाही येणार नाही. सगळ्यावर कर लावा, महाराज. त्यांच्या झोपेवर लावू नका."

मंगेश: हय पखवाज वाजायचो काय?

मी: इथे दाजींचा पखवाज बंद असायचा. ते झोपलेले असतील म्हणून, आता कळलं.

मंगेश: मगे राजा काय बोलता?

मी: काही नाही. बाकड्यावरून खाली उतरायचा, कडं उचलायचा आणि बाबांच्या हातात परत घालायचा. मग आतून राक्षसाची आरोळी यायची. लढाई व्हायचीच. त्याशिवाय नाटक पुढे कसं जाणार? पण लढाईसाठी हात वर केलेला सेनापती तो हात खाली घेऊन आत जायचा. तेवढं ओमकारला सांगून ठेव. सेनापतीला पण.

मंगेश: सांगतंय. ताय, एक इचारू? काका तर म्हणायचे, तू झोपायचस.

मी: म्हणायचे.

मंगेश: आणि हो अक्खो शेवट?

मी: डोळे मिटून ऐकायचे. "माझी लेक झोपली आहे" असं आलं की ते माझ्याकडे हात करायचे. सगळी जत्रा वळून बघायची. मग तर डोळे उघडायची सोयच नसायची.

मंगेश: म्हणजे सोंग?

मी: आमच्या घरात दोन नट होते, असं समज.

मंगेश: पण कित्याक?

मी: जागी आहे म्हटलं तर आईचा हात धरून चालत यावं लागलं असतं. झोपलेल्या पोराला बाबा उचलायचे. त्यांच्या गालाचा रंग माझ्या गालाला लागायचा. सकाळी आई खोबरेल घेऊन पुसत बसायची.

मंगेश: आणि काकांका सांगलंस नाय कधी?

मी: पुढे वाटायचं सांगावं. पण ते ती गोष्ट इतकी रंगवून सांगायचे. पाहुणे आले की पहिली तीच. माझ्या लग्नातसुद्धा सांगितली. ती कशाला मोडायची, म्हटलं.

मंगेश: ताय, माझी सृष्टी आता चार वर्षांची झाली. गेल्या म्हयन्यात तिका दुसऱ्या गावच्या जत्रेक न्हेली होती. येताना खांद्यार झोपली. काय सांगू, दगड! घराक येयसर हात भरान इले. आणि जागी असता तेव्हा मान धरता, पाय आवळता, कापसासारखी. झोपलेला पोर आणि जागा पोर, बापसाच्या खांद्याक कळता. त्या दिवशी काका काय म्हणाले, आठावता तुका? "कधी जड लागला नाय."

मी: आठवतं.

मंगेश: मी तेव्हा म्हटलंय, काय तरी बोलतत.

मी: मी म्हटलं, बारीक होते मी.

मंगेश: चाय करतंय मी. तू बस. साखर खंय ठेवतस?

मी: वरच्या फळीवर. दूध जाळीच्या कपाटात. आलं किसून घाल थोडं.

मंगेश: घालतंय.

मी: बाबा, मी झोपूक नाय होतंय. जागीच होतंय.