शिळेवरची एक जून

ही गोष्ट निवृत्त शिक्षक घोरपडे गुरुजी यांनी मार्गशीर्ष अमावास्येला, रात्री साडेआठच्या सुमारास, कारवेवाडीच्या पारावर सांगितली. ऐकणारे सातजण होते. शब्द शक्यतो गुरुजींचेच ठेवले आहेत.

ऐका. हैबतरावांचा दिगंबर सीमेवर कामी आला, त्याला त्या दिवशी चार वर्षं झाली होती. आईबापांचा नेम असा, की दरवर्षी त्याच तारखेला, तो गेला त्याच वेळी, खिंडीतल्या त्याच्या स्मारकाशी दिवा लावायचा. जोडीनं. त्या साली इंदूवहिनींचा गुडघा सुजलेला. हैबतराव एकटेच निघाले. हातात कंदील, तेलाची बाटली. मी म्हटलं, "अंधार पडलाय, सडकेनं जा." ऐकतात कुठले! ओढ्याची पायवाट धरली.

वळणावर मागून बुटांचा आवाज. हे थांबले, तो थांबला. हे चालले, तो चालला! मग कंदील विझला. वारा म्हणाल, तर पानसुद्धा हलत नव्हतं. आणि हाक आली, "आप्पा, इकडून या. वाट इकडं आहे."

दिगंबरचा आवाज. हुबेहूब! पाय वळलेच, बापच तो. पण मनात खटकलं. इकडं तर जुनी दगडखाण, खाली पाणी. वाट कुठली?

"दिगू असशील तर पलटण सांग."

सांगितली.

"कुठं कामी आलास?"

तेही सांगितलं. हैबतरावांचे डोळे भरले. आणखी एक पाऊल. मग ध्यानात आलं, अरे, हे सारं तर स्मारकाच्या शिळेवर कोरलंय!

"जन्म कधीचा तुझा?"

"एक जून, आप्पा."

संपलं! हसू नका, ती एक जून माझीच. शाळेत घालताना निम्म्या गावाला मी तीच तारीख दिली. दाखल्यावर तीच, शिळेवर तीच. पण पोरगा जन्मला बेंदराच्या संध्याकाळी, बैलांची मिरवणूक दारात असताना. घरात वाढदिवस व्हायचा तो बेंदरालाच.

हैबतराव मागं सरकले. पायाखालचा दगड सुटला, तो कितीतरी वेळानं पाण्यात वाजला. मग जे पळाले, ते थेट स्मारकाशी! दिवा लावला, उजाडेपर्यंत तिथंच बसले. म्हणून सांगतो, रात्री ती वाट नको. आपलं माणूस बोलावत असलं, तरी नको.

शिळा दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष पाहिली. तारीख एक जूनच आहे. खाणही आहे. इंदूबाईंनी मात्र गोष्ट मान खाली घालून ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "नऊ वर्षं फौजेत, कुणी विचारलं की एक जूनच सांगायचा तो. सवय झाली असंल लेकराला."

तो आवाज कोणाचा होता, एवढी गोष्ट पडताळता आली नाही.